पडद्यावरील मराठी अक्षर आणि ठरीव शैली

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर वक्त्याचे नाव व हुद्दा दाखविणारी जी पट्टी येते, चित्रपटाच्या तळाशी संवादाच्या ज्या ओळी उमटतात, किंवा गावच्या यात्रेच्या चित्रफितीवर आरंभी गावाचे नाव व साल झळकते, त्या सर्वांतील अक्षरांचे रूप आज बहुधा कोणी त्या प्रसंगापुरते ठरवीत नाही. ते आधीच ठरलेले असते. अक्षराचा वळणविशेष, आकार, जाडी, रंग, कडा, छाया, दोन ओळींतील अंतर, पट्टीची उंची आणि अक्षर पडद्यावर येण्याची तऱ्हा हे सारे एकत्र बांधून एका नावाखाली साठविलेले असते. चालकाने ते नाव निवडावयाचे आणि मजकूर भरावयाचा. धंद्यात ह्याला 'प्रीसेट' अथवा नुसते 'स्टाइल' म्हणतात. येथे त्यास 'ठरीव शैली' म्हटले आहे.

ह्या विषयाकडे भाषाभ्यासकाने का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ठरीव शैली ही केवळ सजावट नव्हे. ज्या लेखनासाठी ती प्रथम रचली गेली त्या लेखनाविषयीची काही गृहीते तिच्यात मुकाट्याने बांधलेली असतात. ती गृहीते बहुतांशी रोमन लिपीची आहेत. जेथे देवनागरीचा विचार झाला आहे तेथे तो पुष्कळदा हिंदीपुरता झालेला आहे. परिणामी मराठी मजकूर पडद्यावर येतो तो परक्याच्या मापाचा अंगरखा घालून येतो, आणि कित्येकदा नुसता अंगरखाच नव्हे तर अर्थही बदलतो. ह्यावर उपाय ठरीव शैलींचा त्याग हा नाही; मराठीच्या मापाच्या ठरीव शैली सिद्ध करणे हा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच.

प्रथम ह्या वस्तूचा थोडा पूर्वेतिहास पाहू. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' ह्या मूकपटात कथानक सांगणाऱ्या पाट्या मधून मधून येत. बोलपट आल्यावर संवादासाठी पाटीची गरज उरली नाही, तरी चित्रपटाच्या आरंभीची श्रेयनामावली राहिलीच, आणि ती पुष्कळ काळ हाताने रंगविली जात असे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कॅमेऱ्यापुढे लिहिलेली किंवा छापलेली पाटी धरणे ही दूरचित्रवाणीची सर्वत्र रूढ असलेली जुनी रीत होती. अक्षरे विद्युत्-संकेतांनी थेट चित्रावर उमटविणारी यंत्रे अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात येऊ लागली. पुढे तेथे 'कायरॉन' आणि ब्रिटनमध्ये 'ॲस्टन' ही उत्पादकांची नावे नामपट्टीची सामान्यनामेच होऊन बसली. आपल्याकडील वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांतही नामपट्टीला 'ॲस्टन' म्हणण्याचा प्रघात पडला. यंत्राच्या मागोमाग त्याचे शब्द येतात. शब्दांच्या मागोमाग त्याची मापेही येतात, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

ठरीव शैलीवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप वेगळा आहे. तिने हाताची कला मारली, सर्व काही एकसारखे केले, असे म्हटले जाते. मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला तर ह्या आक्षेपाचे वजन लगेच पटते; कारण कमल शेडगे (मृत्यू २०२०) ह्यांच्यासारख्या अक्षरकाराने नाटकांच्या जाहिरातींसाठी घडविलेली शीर्षके त्याने पाहिलेली असतात, आणि प्रत्येक नाटकाला त्याचे स्वतःचे अक्षर असू शकते हे त्याला ठाऊक असते. परंतु ह्या आक्षेपात दोन भिन्न कार्यांची गल्लत आहे. नाटकाचे शीर्षक हे विशेषनाम आहे. त्याने इतरांहून वेगळे दिसणे हेच त्याचे काम. नामपट्टीचे काम नेमके उलट. ती पट्टी दिसताच 'हे बोलणाऱ्याचे नाव' एवढे प्रेक्षकाला न वाचताही कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी ती दर वेळी तशीच दिसावी लागते. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ठरीव शैली ही व्यवस्थेच्या बाजूची आहे, उच्चारित वाक्याच्या बाजूची नव्हे. प्रत्ययाने जसे दर वाक्यात नवे रूप धारण करू नये, तसेच हे आहे. नाव पांढऱ्यात आणि हुद्दा पिवळ्यात हा संकेत एकदा ठरला की रंगाला व्याकरणिक मूल्य येते, आणि मग एखाद्या दिवशी हुद्दा पांढऱ्यात आला तर वाचणारा क्षणभर अडखळतो. तेव्हा एकसारखेपणा हा दोष नव्हे. कोणाच्या मापाने एकसारखेपणा, हा खरा प्रश्न आहे.

ठरीव शैलीच्या मुळाशी एक तत्त्व आहे: मजकूर वेगळा आणि त्याचे रूप वेगळे. मजकुराला धक्का न लावता रूप बदलता आले पाहिजे. रोमन लिपीच्या बाबतीत हे तत्त्व संगणकावर आरंभापासून साधले होते. मराठीच्या बाबतीत ते फार उशिरा साधले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही सांकेतिक प्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही पुढे कित्येक वर्षे छपाईच्या व चित्रफितींच्या धंद्यात मराठी मजकूर लिहिला जात होता तो निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांच्या खाजगी संकेतांत. तेथे 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नव्हताच; तो एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसविलेले चित्र होता. फॉन्ट बदलला की मजकुराची रोमन अक्षरांची निरर्थक रांग होई. लग्नाच्या चित्रफितीसाठी एकाने तयार केलेले शीर्षक दुसऱ्याच्या संगणकावर उघडले असता वधूवरांच्या नावांच्या जागी अनाकलनीय चिन्हे दिसावीत, हा अनुभव ह्या धंद्यातील जुन्या माणसांना नवा नाही. म्हणजे शैली बदलणे आणि मजकूर नष्ट करणे ह्या दोन क्रिया मराठीत एकच होत्या. युनिकोड सर्वत्र रुळल्यावरच मराठी मजकुराला त्याच्या रूपापासून स्वतंत्र अस्तित्व मिळाले, आणि खऱ्या अर्थाने ठरीव शैली मराठीला उपलब्ध झाली. पण तोपर्यंत त्या शैलींची मापे ठरून गेली होती.

ती मापे कोठे अडतात हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या गावांची नावे घेतली तरी पुरे. 'जत' हे नाव दोन साध्या अक्षरांचे. त्याला ना वेलांटी, ना मात्रा, ना उकार. एखादी शैली पसंत करताना ह्या नावाने तिची परीक्षा घेतली तर ती निर्दोष ठरेल. आता 'बिळूर' लिहा. वेलांटीचा बाक शिरोरेषेच्या वर जातो आणि 'ळ'चा दीर्घ उकार खाली उतरतो. पट्टीची उंची रोमन मोठ्या अक्षरांच्या मापाने ठरविलेली असेल तर वरचे किंवा खालचे टोक कापले जाते. 'तिकोंडी' लिहा, येथे वेलांट्या, मात्रा व अनुस्वार सर्व शिरोरेषेच्या वर गर्दी करतात, आणि वर दुसरी ओळ असेल तर तिच्या उकारांना भिडतात. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे असते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते व त्याच्या वर-खाली आणखी एकेक मजला असतो. दोन मजल्यांच्या हिशेबाने बांधलेल्या घरात तीन मजली बिऱ्हाड बसविण्याचा हा प्रकार आहे. 'जाडरबोबलाद' हे नाव तर रुंदीचीच परीक्षा घेते. ते पट्टीत मावत नाही असे दिसताच पुष्कळ शैली आपोआप अक्षरे आडवी दाबतात, आणि गाव मोठे असले तरी त्याचे नाव पडद्यावर सर्वांत बारीक दिसते.

उंची-रुंदीनंतर जोडणीचा विचार करू. इंग्रजी शीर्षकात दोन अक्षरांतील अंतर वाढविणे ही भारदस्तपणाची खूण मानली जाते, व ती कित्येक शैलींत आधीच घातलेली असते. देवनागरीत ती लागू केली की शिरोरेषा तुटते, आणि शब्द म्हणजे एका रेषेखाली बांधलेले कुटुंब न राहता सुट्या माणसांची रांग होते. कडा काढण्याच्या शैलीत हाच दोष दुसऱ्या रीतीने येतो: यंत्र प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कडा देते, त्यामुळे शिरोरेषेवर दर अक्षरामागे एक सांधा उमटतो. रंग अर्धपारदर्शक असेल तर जेथे दोन अक्षरांच्या रेषा एकमेकींवर येतात तेथे गडद डाग पडतात. तिरपे अक्षर हीसुद्धा रोमन परंपरेची वस्तू. परक्या शब्दासाठी किंवा ग्रंथनामासाठी मराठी मुद्रणाने अवतरणचिन्हे वा ठळक टाइप वापरला. तिरप्या देवनागरीला आपल्याकडे तसा स्वतंत्र अर्थ रूढ झाला नाही. म्हणून यंत्राने अक्षर ढकलून तिरपे केले की वाचणाऱ्याला ते कलते दिसते, वेगळ्या अर्थाचे दिसत नाही.

कालक्रमाचा प्रश्न ह्याहून मनोरंजक आहे. टंकलेखन यंत्रावर उमटावे तसे एकेक अक्षर पडद्यावर येत जाण्याची एक लोकप्रिय शैली आहे. तिचा घटक आहे संगणकाचा संकेत. आपल्या लेखनाचा घटक आहे अक्षर. 'माडग्याळ' ह्या नावात चार अक्षरे आहेत, पण संकेत आठ. 'क्षत्रिय' ह्या शब्दात तीन अक्षरे, आणि संकेत तेथेही आठच. म्हणून ही शैली लावल्यास 'बिळूर' लिहिताना प्रथम 'ब' दिसतो व मग वेलांटी येऊन त्याला उजवीकडे ढकलते. 'ग्या' लिहिताना आधी 'ग', मग पाय मोडलेला 'ग्', मग जोडाक्षर अशी अवस्थांतरे प्रेक्षकाला पाहावी लागतात. मराठी माणूस हाताने लिहिताना असे कधी लिहीत नाही. हीच गफलत मोजणीतही होते. उपशीर्षकाच्या एका ओळीत किती वर्ण असावेत व एका सेकंदात किती वर्ण वाचले जावेत ह्याच्या मर्यादा शैलीबरोबर येतात. त्या संकेत मोजणाऱ्या असल्या, तर चार अक्षरांचा शब्द आठ वर्णांचा ठरतो व मराठी वाक्य विनाकारण छाटले जाते. शिवाय मराठी विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येते; 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा आपला एक शब्द इंग्रजीत तीन-चार शब्दांचा होतो व तेथे ओळ मोडण्यास तितक्याच जागा मिळतात. आपल्याला एकही मिळत नाही.

आतापर्यंतचे दोष देवनागरी लिपीचे झाले. पुढील दोष खास मराठीचे आहेत, आणि ते अधिक गंभीर आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. 'आचार्यास' दिलेला मान आणि 'आचाऱ्यास' दिलेला पगार ह्या दोन वेगळ्या गोष्टी. हा भेद मराठी लेखन रफार व आडवा अर्धा 'र' ह्यांनी दाखविते. हिंदीला त्याची गरज नाही. म्हणून केवळ हिंदीकडे पाहून निवडलेल्या फॉन्टात आडवा 'र' नसला, तर त्याच्या जागी एक तर पाय मोडलेला नुक्त्याचा 'र' दिसतो, किंवा चालक कंटाळून रफार देऊन टाकतो. दुसऱ्या प्रकारात लिहिणारा जे म्हणाला ते वाचणाऱ्याला मिळतच नाही. 'ॲ' ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीच्या फॉन्टांवर बांधलेल्या शैलीत 'ॲड.' ह्या उपाधीच्या जागी रिकामा चौकोन येतो, आणि नामपट्टीवरील वकिलाची वकिली नाहीशी होते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' प्रमाण ठरविले. आजच्या कित्येक फॉन्टांत ही रूपे असतातही. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्राला सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. ठरीव शैलीत रंगाची, छायेची, कडेची नोंद असते. भाषेची नोंद बहुधा नसते. ज्याची नोंद नाही त्या जागी यंत्र आपले नित्याचे मूल्य घालते. व्याकरणात ज्याला आपण अचिन्हित रूप म्हणतो, ते ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने नकळत दुसऱ्याकडे जातो.

यंत्राच्या सोयीसाठी लिपीने वाकावे, ही मागणी काही नवी नव्हे. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उजवीकडे नेण्याचे ठरविले होते. टंकलेखनाची व छपाईची सोय हे त्यामागील एक कारण. लोकांनी ते रूप स्वीकारले नाही व तो बदल मागे घ्यावा लागला. त्या वेळी निदान उघड प्रस्ताव होता, त्यावर चर्चा झाली, आणि नकार देता आला. ठरीव शैली कोणताही प्रस्ताव मांडीत नाही. ती निवडली जाते आणि तिच्याबरोबर आलेले लिपीविषयक निर्णय न मागता लागू होतात. ह्यामुळेच तिची चिकित्सा करणे आवश्यक होते.

ठळकपणाची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. अलीकडच्या छोट्या चित्रफितींत बोललेल्या वाक्यातील एखादा शब्द मोठा व रंगीत करून दाखविण्याची शैली फार चालते. इंग्रजीत जोर हा आघाताने व्यक्त होतो, लेखनात तो हरवतो, म्हणून तो रंगाने भरून काढणे योग्यच. मराठीत जोर पुष्कळदा शब्दातच असतो: 'मीच गेलो', 'मीही गेलो', 'मी तर गेलो'. येथे 'मीच' रंगविणे ही द्विरुक्ती आहे, आणि यंत्राने आपल्या मनाने 'गेलो' रंगविले तर वाक्याचा जोर एकीकडे व रंगाचा दुसरीकडे अशी ओढाताण होते. शिक्षकाला तर ह्याहून वेगळी अडचण येते. 'झाडाला' ह्यातील 'ला' तांबडा करून प्रत्यय दाखविता येतो. पण 'घरी' ह्यातील सप्तमीचा प्रत्यय ही नुसती वेलांटी आहे. ती वेगळी रंगवू गेल्यास पुष्कळ यंत्रणांत ती अक्षरापासून तुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. मराठीतील रूपिमाची सीमा अक्षराच्या पोटातून जाऊ शकते, ही बाब व्याकरणाच्या वर्गात आपण शिकवितो. शैली रचणाऱ्याने ती कधी ऐकलेली नसते.

हा सारा खटाटोप दिसण्यापुरता आहे, असे मात्र समजू नये. जत तालुका दोन भाषांचा आहे. उमदी, संख ह्या पूर्व भागात कन्नड घरोघर बोलली जाते, तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, आणि मराठी अनेक मुलांना दुसरी भाषा म्हणून भेटते. ज्याची भाषा तीच आहे असा वाचक कापलेला उकार मनाने पुरा करतो, 'दर्या' लिहिले असले तरी संदर्भाने 'दऱ्या' वाचतो. नवशिक्या वाचकाजवळ ही पुंजी नसते. पडद्यावर जे दिसते तेच त्याला शुद्ध रूप वाटते. गाण्याच्या ओळी त्याच भाषेत पडद्यावर दाखवून आणि गायिलेल्या शब्दाचा रंग बरोबर बदलून वाचनाचा सराव घडवावा, ही कल्पना अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी ह्यांनी १९९६ च्या सुमारास मांडली, आणि १९९९ मध्ये गुजरातीतील 'चित्रगीत' ह्या दूरदर्शन कार्यक्रमावर तिचा प्रयोग सुरू झाला. तेथे रंग बदलणारी शैली हेच शिकविण्याचे साधन होते. ज्या साधनाने वाचन शिकविता येते त्याच साधनाने चुकीचे वाचनही शिकविता येते, हे सांगावयास नको.

दुभाषिक पट्टीत तर दोन्ही लिप्यांचे हक्क सांभाळावे लागतात. कन्नड लिपीला देवनागरीसारखी शब्दभर जाणारी शिरोरेषा नाही. तिची जोडाक्षरे पुष्कळदा मूळ अक्षराच्या खाली लिहिली जातात. तेव्हा देवनागरीला वर जागा देणारी शैली कन्नडला खाली जागा देईलच असे नाही. मराठीच्या बाजूने रोमन मापांविरुद्ध तक्रार करणाऱ्याने, आपल्या मापाचा अंगरखा शेजारच्या लिपीवर चढवू नये, एवढे तारतम्य राखले पाहिजे.

मग करावे काय? उपाय अवघड नाहीत. मराठीसाठीच्या ठरीव शैलीत भाषेची नोंद असावी. पट्टीची उंची 'बिळूर' व 'तिकोंडी' ह्यांसारख्या शब्दांवर तपासावी. अक्षरांतील अंतर शून्य असावे. कडा शब्दाला असावी, अक्षराला नव्हे. मोजणी व हालचाल दोन्हींचा घटक अक्षर असावा. आडवा 'र', 'ॲ', पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' ह्यांची परीक्षा झाल्याखेरीज शैली स्वीकारू नये. रूप ठरविण्याचे काम अक्षरकाराचे आहे, यंत्र चालविण्याचे काम तंत्रज्ञाचे. ह्या दोघांच्या मध्ये परीक्षेचे शब्द निवडून देण्याचे जे काम आहे, ते भाषाभ्यासकाचे आहे, व ते अद्याप कोणी आपले मानलेले नाही. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी एकेका तालुक्याच्या ग्रामनामांतून व आडनावांतून अशी शब्दयादी तयार केल्यास ती एका सत्राच्या प्रकल्पाला पुरेशी होईल, आणि ध्वनिविचार, लेखनविचार व रूपविचार ह्या तिन्हींची त्यात कसोटी लागेल. जत तालुक्यापुरते म्हणावयाचे तर, यादीत शेवटचे नाव 'जत' हे असावे. ते नीट दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही, हे त्यामुळे कायम ध्यानात राहील.